एकतीस पक्षी, पाच कुप्या

मंगळवार, ४ मार्च

भोपू,

पक्ष्यांना कुठलाही रोग नव्हता. आज सकाळी अकरा वाजता लॅबवाल्या बाईंनी फोन करून तसं पक्कं सांगितलं, दुपारी कागदही पाठवला. साथ नाही, विष नाही. पोटातल्या फळांमध्ये दारू होती. झाडावरच आंबलेली फळं खाऊन ते तर्र झाले होते.

तुला वाटेल, तीन वर्षांनी पत्र लिहिते आणि सुरुवात पक्ष्यांपासून करते. मलाही ते दिसतंय. पण तुमच्या केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी बजावून सांगितलंय: सहा आठवडे पेशंटला फोन नाही, पत्र चालेल, पत्रात उपदेश नको, जुनं उगाळणं नको, रोजचं काहीतरी लिहा. माझं रोजचं म्हणजे जनावरांचा दवाखाना. तेव्हा ऐक.

वाचनालयाची नवी इमारत तू पाहिली नसशील. पुढची सगळी भिंत काचेची आणि तिच्यासमोर लाल फळांच्या झाडांची रांग. गेल्या बुधवारी सकाळी तिथून फोन आला, की पक्षी पटापट पडतायत. जाऊन पाहिलं तर फरशीवर तुरेवाले करडे पक्षी पसरलेले. काही काचेवर आपटलेले, पण बरेचसे नुसतेच बसलेले, मान वाकडी, पंख सुटलेले, उठायला गेले की कलंडायचे. वाचनालयातली माणसं काचेला नाक लावून बघत होती. आम्ही खोके भरून त्यांना दवाखान्यात आणलं. काही वाचले, काही नाही.

आई बरी आहे. गुडघा तसाच, जीभही तशीच. तुला पत्र लिहितेय म्हटल्यावर म्हणाली, "त्याला म्हणावं, स्वेटर घातलाय का?" मार्चमध्ये.

तू कागदावर नातेवाईक म्हणून माझं नाव दिलंस, असं समुपदेशक बाई म्हणाल्या. २९ तारखेला तुला सोडणार आणि त्यानंतर कुठे राहणार हा रकाना तू कोरा ठेवलायस, हेही म्हणाल्या. मी विचारत नाही. एवढंच सांगते, की तुझी खोली आहे. आईने तिथे शिवणयंत्र ठेवलंय, पण ते हलवता येतं.

ताई


रविवार, ९ मार्च

भोपू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दीड ओळ. "किती पक्षी मारलेस? तू कधी 'काही' म्हणत नाहीस, आकडा सांगतेस."

एकतीस.

अठ्ठावन्न आणले होते. आमच्या खात्याचा नियम असा, की एका जागी दहापेक्षा जास्त पक्षी मान वाकडी करून पडलेले सापडले तर वाट बघायची नाही, त्यांना कायमचं झोपवायचं आणि नमुने लॅबला पाठवायचे. दोन वर्षांपूर्वीच्या साथीनंतर तो नियम झाला. मी नियमाप्रमाणे सुरुवात केली. हातमोजे, मास्क, सुई. आमच्या कंपाउंडरना तू ओळखतोस, तेच, मिशीवाले. ते मला एकेक पक्षी हातात देत होते. सातवा-आठवा पक्षी असेल, ते म्हणाले, "मॅडम, यांच्या तोंडाला माझ्या मेहुण्यासारखा वास येतोय."

मी म्हटलं, "मास्क नीट लावा."

तो वास मी घरात पाच वर्षं ओळखत होते. दाराची कडी वाजायच्या आधी ओळखायचे. त्या दिवशी मास्क खाली करून एकदा हुंगलं असतं तर मला लॅब लागली नसती.

एकतीस झाल्यावर औषध संपलं. नवा डबा मुख्य कचेरीतून यायला तीन तास लागणार होते. उरलेले सत्तावीस पुठ्ठ्याच्या खोक्यांत टॉवेलवर ठेवून क्ष-किरणांच्या खोलीत नेले, कारण ती अंधारी आहे. चारच्या सुमाराला कंपाउंडर मला बोलवायला आले. नुसतं दार उघडून धरलं. आतून सत्तावीस खोकी खरवडल्याचा आवाज येत होता. एकाने झाकण उचकटलं होतं आणि तो दिव्याच्या तारेवर बसून आमच्याकडे बघत होता. मान सरळ.

अहवाल येईपर्यंत त्यांना जाळीच्या खोलीत ठेवलं, बुधवारी सोडलं. मुद्दाम दोन चौक पलीकडे नेऊन सोडलं. दहा मिनिटांत सगळे त्याच झाडांवर हजर. कंपाउंडर म्हणाले, "मेहुणाच."

साहेबांनी माझ्याकडून खुलासा मागवलाय. नियम पाळला म्हणून शिक्षा होणार नाही, पण कागद तयार करावे लागतील: गेल्या चार वर्षांत किती जनावरं झोपवली, कुठलं औषध किती वापरलं. जुन्या वह्या काढायला घेतल्या आहेत.

लॅबवाल्या बाईंना मी विचारलं, की त्यांना कळत नाही का? फळ आंबलेलं आहे हे पाखराला कळत नसेल? त्या हसल्या. "अगं डॉक्टर, कळतं म्हणून तर येतात. पिकलेल्या फळाला दारूचा किंचित वास असतोच. ज्या जनावराला तो लांबून आला ते आधी पोचलं, पोटभर जेवलं, जगलं. आपण सगळे त्या आधी पोचलेल्यांचीच पिल्लं." या पक्ष्यांचं यकृतही अंगाच्या मानाने चांगलं मोठं असतं म्हणे. रोजचं थोडं सहज पचतं. यंदा थंडी लांबली, मग अचानक ऊन पडलं, आणि एका झाडावर वर्षाची दारू एका आठवड्यात तयार झाली.

आकडा लपवला त्याबद्दल माफ कर.

ताई


शनिवार, १५ मार्च

भोपू,

या वेळी दोन पानं आली. आईला वाचून दाखवली, मधला परिच्छेद सोडून. तिला कळलं की मी काहीतरी गाळलं. चष्मा पुसत बसली.

तू लिहितोस, "पक्षी आणि मी एका माळेत ओवू नकोस. ते जेवायला गेले होते. मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा जेवून उठलो होतो." आणि मग छापखान्यातल्या नोकरीचं लिहिलंयस. मला ते माहीतच नव्हतं. यंत्र बंद झाल्यावरही तुझ्या कानात ते चालू राहायचं, जेवताना, झोपताना, आई बोलत असताना, हे तू कधीच बोलला नाहीस. पहिल्या पेल्याबरोबर कुणीतरी बटण दाबावं तसा तो आवाज थांबला, आणि तुला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, हे मी तीनदा वाचलं. मी तेव्हा त्याच घरात होते. मला वाटायचं तू ऐकत नाहीस. तुला ऐकूच येत नव्हतं.

तर माळेत ओवत नाही. पण एक गंमत सांगते, त्यातून काही शिकू नकोस.

आमच्याकडे एक म्हातारा बोका भरती आहे, तिरसट, कुणाला अंगाला हात लावू देत नाही. कंपाउंडरनी कुठूनशी एक वाळलेली मुळी आणली आणि फडक्यात बांधून त्याच्या पिंजऱ्यात टाकली. बोक्याने आधी हुंगलं, मग गालफड घासलं, मग चारी पाय वर करून लोळायला लागला. एवढा अब्रूदार प्राणी, लाळ गाळत होता. दहा मिनिटांनी उठला, अंग चाटलं आणि फडक्याकडे पाठ करून बसला, जणू ते कुणी दुसऱ्यानेच टाकलं होतं. त्यानंतर मी निवांत त्याचा कान साफ केला.

लॅबवाल्या बाई खुलाशावर सही करायला आल्या होत्या, त्याही बघत होत्या. म्हणाल्या, झाडं ही रसायनं आपल्यासाठी करत नाहीत. किड्यांनी पानं खाऊ नयेत म्हणून करतात. किड्याला ते विष, आपण त्याला चहा म्हणतो. कंपाउंडर म्हणाले, "म्हणजे आपण रोज सकाळी झाडाचं विष उकळतो आणि साखर कमी पडली म्हणून भांडतो."

मग कंपाउंडरनीच त्यांच्या लहानपणच्या शेळीची गोष्ट सांगितली. सगळा हिरवा पाला सोडून ती एकाच झुडपाकडे जायची. खाऊन झालं की गोठ्याच्या भिंतीला तोंड करून तासभर उभी. दूध कमी द्यायची, पण त्यांच्या वडिलांनी तिला विकली नाही. म्हणायचे, "राहू दे, ती विचार करतेय."

बाई म्हणाल्या, "का जातात याचं एकच उत्तर नाही बघ. कुणी भुकेने जातं, कुणी पोटातले जंत मरावेत म्हणून कडू पाला खातं, कुणी नुसतं गेलं-आलं. आणि कुणाचं काहीतरी दुखत असतं." हे शेवटचं त्या खुलासा वाचता वाचता बोलल्या.

जुन्या वह्यांचं काम चालू आहे. त्यात एक गोष्ट सापडली आहे. ती तुझ्याशी संबंधित आहे. आज लिहीत नाही.

बोका सोमवारी घरी जाईल.

ताई


मंगळवार, १८ मार्च

भोपू,

समुपदेशक बाईंना मी काल फोन केला. विचारलं, की जुनं उगाळू नका म्हणालात, पण एक जुनी गोष्ट खोटी होती असं कळलं तर? त्या म्हणाल्या, "मग ती जुनी नाही. लिहा. पत्र देईन तेव्हा मी त्याच्या शेजारी बसेन." तेव्हा त्या आत्ता तुझ्या शेजारी असतील.

तुला माहीत आहे, दवाखान्यात भुलीचं औषध कुलपात असतं आणि प्रत्येक कुपी मोठ्या वहीत लिहावी लागते. बाहेर, कुणाच्या तबेल्यात किंवा शेतावर जाऊन काम केलं, तर तिथे खिशातल्या छोट्या वहीत लिहायचं आणि परत आल्यावर मोठ्या वहीत उतरवायचं. गेली अठरा वर्षं मी तसंच करते.

गेल्या आठवड्यात सगळ्या छोट्या वह्या क्रमाने लावल्या तर तीन वर्षांपूर्वीची एक नव्हती. हरवली असेल म्हणून मी पुढे गेले. शुक्रवारी कंपाउंडरनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. "मॅडम, घोड्याच्या पिशवीत होती. दोरांच्या खाली." आमच्याकडे घोडे वर्षा-दोन वर्षांतून एखादा. ती पिशवी कुणी उघडतच नाही.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर एक घोडी आहे. नाल्यात पाय अडकलेली, चिखलातच तिला भूल देऊन पाय सोडवला होता. ती मला चांगली आठवते, पांढऱ्या कपाळाची. दोन तास लागले, पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागली. खाली माझ्या अक्षरात लिहिलंय: कुप्या पाच.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात परत गेलेच नाही. आई न्हाणीघरात पडल्याचा फोन आला होता, मी तशीच चिखलाच्या बुटांनी इस्पितळात गेले. दुसऱ्या दिवशी खिशात वही नव्हती, मी नवी घेतली. मोठ्या वहीत ती घोडी उतरलीच नाही.

अडीच महिन्यांनी कपाट तपासलं तेव्हा पाच कुप्या कमी भरल्या. आपण नोंद करायला विसरलो असू, हे माझ्या मनातही आलं नाही. मी नोंद करते, विसरत नाही, असं मी धरून चालत आलेय. त्याच आठवड्यात तू मला न्यायला दवाखान्यात आला होतास आणि मी हात धुऊन येईपर्यंत त्या खोलीत एकटा बसला होतास. मला तेवढं पुरलं.

मी तुला स्वयंपाकघरात विचारलं. आई भाजी निवडत होती. मी "घेतल्यास का?" असं विचारलं नाही. "कुठे ठेवल्यास?" असं विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "असेल. मीच घेतल्या असतील." मी तुला आठ दिवसांत घर सोडायला सांगितलं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी छापखान्याच्या फोरमनना फोन केला. म्हटलं, त्याच्यावर लक्ष ठेवा, औषधं उचलतो. तुझी नोकरी त्या आठवड्यात गेली ती कामाच्या मंदीमुळे नाही.

तू त्या कुप्या घेतल्या नव्हत्यास. मी घोडीला दिल्या होत्या.

कंपाउंडरनी पान वाचलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, घोडी जगली होती ना?" जगली होती.

फोरमन आता निवृत्त झालेत. पत्ता शोधून त्यांना कालच लिहिलं. खात्यालाही कळवलं. आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

ताई


गुरुवार, २७ मार्च

भोपू,

नऊ दिवस मी टपालपेटीशी गेले नाही, आईला पाठवत होते. काल ती पाकीट हातात धरून आली आणि म्हणाली, "जाड आहे."

तुझं पत्र माझ्यासमोर आहे. त्यातलं थोडं इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तुला कळेल.

"पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, ताई. बाई घाबरल्या. मग दुसऱ्यांदा वाचलं. मी 'असेल' म्हणालो ते भांडण टाळायला नाही. त्या आठवड्यातले दोन दिवस माझ्याकडे नाहीतच. तू विचारलंस तेव्हा मी माझ्या आत जाऊन शोधलं, तिथे कुणीच नव्हतं. मग तुझं खरं मानलं. तू कधी चुकत नाहीस हे या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी मी नुसता पीत होतो. नंतर चोर म्हणून प्यायलो. चोराला प्यायला सोपं जातं."

आणि पुढे: "पण सगळं तुझ्या पदरात टाकणार नाही. बाई म्हणतात, सोयीचं कारण आयतं हाती आलं की सावध राहायचं. छापखान्यातून तू काढवलंस, हे खरं. त्याआधी तिथे मी दोनदा यंत्रावर झोपलो होतो, हेही खरं. फोनचा राग आहे. तो किती दिवस राहील ते सांगता येत नाही. एकतीस पक्ष्यांचं मात्र वाईट वाटलं. त्यांना फक्त संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं."

इथे मी थांबले होते. चहा गार झाला.

इकडची बातमी: माझ्या खुलाशावर साहेबांनी लेखी समज दिली. घोडीची नोंद राहिली त्याची वेगळी. नियमात एक ओळ वाढली, की लक्षणं दिसली तरी चार तास अंधारात ठेवून मग ठरवावं. झाडं तोडा म्हणून काही रहिवाशांनी अर्ज केला होता, वाचनालयाच्या बाईंनी त्याऐवजी काचेवर पट्ट्या लावून घेतल्या. फळं आता संपत आली. पक्षी दोन दिवसांत पुढच्या गावी जातील, असं लॅबवाल्या बाई म्हणतात.

आता शनिवारचं. तू तीन अटी घातल्या आहेस. तिन्ही मान्य.

पहिली, मी तुला न्यायला केंद्रावर यायचं नाही. येणार नाही. तुला दहाला सोडतील, साडेदहाची बस मिळेल, अकराच्या आत तू घरी.

दुसरी, आईला मी सांगायचं, तुझ्यासमोर, आणि "चूक झाली" या शब्दांनी सुरुवात करायची नाही. काय झालं ते सांगायचं. मी वाक्य ठरवलंय. "आई, त्या पाच कुप्या मी घोडीला दिल्या होत्या आणि लिहायला विसरले." हे आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटच्या शब्दाला अजून अडखळते. परवापर्यंत जमेल.

तिसरी, कुठे राहायचं ते त्यानंतर तू ठरवशील, आणि मी त्या दिवशी त्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. केंद्राजवळ दोघांबरोबर खोली मिळतेय असं तू लिहिलंस. समुपदेशक बाईंना मी विचारलं, की रकाना सोमवारपर्यंत कोरा राहिला तर चालेल का. चालेल म्हणाल्या. शिवणयंत्र मी हलवलेलं नाही. हलवलं तर तेही बोलणंच होईल.

आईला एवढंच माहीत आहे, की तू शनिवारी जेवायला येतोस आणि ताईला काहीतरी सांगायचंय. तिने तुला घरातून जाताना पाहिलं, अडवलं नाही. तीन वर्षं ती त्यावर काही बोललेली नाही, माझ्याशीसुद्धा. मी बोलून झाल्यावर ती आधी तुझ्याकडे बघेल की माझ्याकडे, याचा मला अंदाज नाही. तुझी खुर्ची तिच्या समोर ठेवते, माझी बाजूला.

ताई